विश्लेषण : तुमच्या ब्राउझरमध्ये काय बसवायचे, हे कंपनीने का ठरवावे?

ऑगस्ट २०२५मध्ये गुगल क्रोमची १३९ क्रमांकाची आवृत्ती आली आणि ‘मॅनिफेस्ट व्ही२’ नावाची जुनी व्यवस्था क्रोममधून कायमची गेली. नाव रुक्ष आहे, परिणाम तसा नाही. या व्यवस्थेवर चालणारी हजारो एक्स्टेंशन्स बंद पडली. त्यांत जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ही होते. एकट्या क्रोमवर त्याचे तीन कोटींहून अधिक वापरकर्ते होते. त्यात व्हायरस सापडला नव्हता, बनवणाऱ्याने ते मागे घेतले नव्हते, वापरणाऱ्यांची काही तक्रार नव्हती. ज्या ब्राउझरमध्ये ते चालत होते, त्याच्या मालकाने नियम बदलले, इतकेच. आणि हा मालक जाहिरातींच्या उत्पन्नावर उभा आहे. आपल्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये काय बसवायचे, हे शेवटी कोणी ठरवायचे, हा जुना वाद त्यामुळे पुन्हा वर आला.

एक्स्टेंशन म्हणजे काय आणि त्याला एवढे महत्त्व का?

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे दाखवणारे सॉफ्टवेअर आणि एक्स्टेंशन म्हणजे त्याच्या पोटात राहून काम करणारे छोटे सॉफ्टवेअर. एखादे पासवर्ड लक्षात ठेवते, एखादे पानाचे भाषांतर करते, एखादे मराठी टंकलेखनाची सोय करते, एखादे पांढरे पान काळे करून डोळ्यांना आराम देते. जाहिरात अडवणारी एक्स्टेंशन्स सर्वाधिक लोकप्रिय प्रकारांपैकी एक.

उपयोग जेवढा मोठा, तेवढा अधिकारही मोठा. अनेक एक्स्टेंशन्स बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागतात. या ‘सर्व’मध्ये ईमेल येते, बँकेचे पान येते, पॅथॉलॉजी लॅबचा अहवालही येतो. हे म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्यासारखे झाले. शेजारी भला असेल तर मोठी सोय. पण तो घर विकून गेला आणि किल्ली नव्या माणसाच्या हाती पडली, तर ते कळायला मार्ग नसतो.

ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांचा दावा असा, की ही किल्ली कोणाकडे द्यायची हे सामान्य वापरकर्त्याला कळत नाही, म्हणून त्यात आम्ही लक्ष घालतो. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग कंपन्यांनी दारे लावली कधी?

नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्या लोकप्रियतेत एक्स्टेंशन्सचा मोठा वाटा होता. कोणीही बनवावे, कोणीही कुठूनही आणून बसवावे, अशी मोकळीक होती. त्या काळातल्या सायबर कॅफेमधले संगणक ज्यांना आठवतात, त्यांना या मोकळिकीची दुसरी बाजूही आठवेल. एकाखाली एक चार-पाच टूलबार, मधल्या मध्ये बदललेले सर्च इंजिन आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत खरे पान! हे टूलबार बहुतेकांनी मुद्दाम बसवलेले नसत. दुसरेच एखादे सॉफ्टवेअर बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करण्याच्या नादात ते सोबत येत.

अशी घुसखोरी करणारे सगळे भुरटेच होते असे नाही. मायक्रोसॉफ्टने ‘डॉट नेट’च्या एका अपडेटबरोबर विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये स्वतःचे एक्स्टेंशन गुपचूप बसवले. सुरुवातीला ते काढून टाकण्याचे बटणही निष्क्रिय होते. त्यातून सुरक्षेचा धोका असल्याचे समोर आल्यावर ऑक्टोबर २००९मध्ये फायरफॉक्सची निर्माती संस्था मोझिलाने ते दूरूनच सर्वांच्या ब्राउझरमध्ये बंद केले. पुढे या विशिष्ट एक्स्टेंशनमध्ये तो दोष नसल्याचे स्पष्ट झाले आणि त्यावरची बंदी उठली. पण या प्रकरणात ब्राउझरच्या कंपनीने दुसऱ्या कंपनीपासून वापरकर्त्याला वाचवण्याचा प्रयत्न केला, हे मान्य करावे लागते. एरवी त्या वापरकर्त्याला आपल्या ब्राउझरमध्ये पाहुणा आलाय, हेही कळले नसते.

पुढची पावले या अनुभवातून पडली. मे २०१४पासून क्रोमने विंडोजवर आपल्या अधिकृत वेब स्टोअरबाहेरची एक्स्टेंशन्स रोखली. मोझिलाने २०१५मध्ये जाहीर केले, की आमची डिजिटल सही नसलेले एक्स्टेंशन फायरफॉक्समध्ये चालणार नाही. आधी ही सक्ती बंद करण्याची एक छुपी सेटिंग होती, पण ऑगस्ट २०१६मध्ये आलेल्या ४८व्या आवृत्तीपासून नेहमीच्या फायरफॉक्समधून तीही गेली. कारण असे दिले, की जी सेटिंग माणूस बदलू शकतो, ती संगणकात शिरलेले घातक सॉफ्टवेअरही बदलू शकते. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. मात्र मोझिलाने एक खिडकी उघडी ठेवली. विकासकांसाठीच्या ‘डेव्हलपर एडिशन’मध्ये आणि संस्थांसाठीच्या ‘ईएसआर’ आवृत्तीत ही सक्ती वापरकर्त्याला स्वतः उठवता येते. ही खिडकी किती कामाची आहे, हे तीन वर्षांनी दिसले.

अधिकृत स्टोअरमुळे धोका टळतो का?

काही प्रमाणात टळतो. उघड्या टॅबना झोपवून संगणकाची मेमरी वाचवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो जणांचे आवडते एक्स्टेंशन होते. मूळ विकासकाने २०२०मध्ये ते अनोळखी खरेदीदाराला विकले. शेजारी बदलला. नव्या मालकाने त्यात संशयास्पद कोड घातला आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गुगलने ते घातक ठरवून सर्वांच्या क्रोममध्ये एका फटक्यात बंद केले. मधल्या काही महिन्यांत त्या कोडबद्दल बोंब मारणारे मुख्यतः जागरूक वापरकर्ते होते, हा भाग वेगळा.

डिसेंबर २०२४चे प्रकरण अधिक बोलके आहे. ‘सायबरहेवन’ ही कंपन्यांची माहिती सुरक्षित ठेवण्याचा व्यवसाय करणारी कंपनी. ऐन नाताळात तिच्याच एका कर्मचाऱ्याला वेब स्टोअरच्या नावाने खोटा ईमेल आला, त्याने परवानगीच्या बटणावर क्लिक केले आणि हल्लेखोरांनी कंपनीच्या एक्स्टेंशनची बिघडवलेली आवृत्ती थेट अधिकृत स्टोअरवर चढवली. सुमारे चार लाख जण ते एक्स्टेंशन वापरत होते. ब्राउझर अपडेट आपोआप घेतो, त्यामुळे कोणालाही काही करावे लागले नाही. त्याच टोळीने इतरही अनेक एक्स्टेंशन्सना असेच गाठले होते. ही सगळी घाण पुढच्या दाराने, रीतसर तपासणी होऊन आत आली.

म्हणजे स्टोअरची तपासणी गाळणी म्हणून बरी, पण तिला तटबंदी समजण्यात अर्थ नाही. वापरकर्त्याने अधिकार सोडून द्यावेत इतका भरवसा तिने कमावलेला नाही.

‘मॅनिफेस्ट व्ही३’वर नेमका आक्षेप काय?

आता मूळ वादाकडे. एखादे पान उघडताना ब्राउझर डझनभर, कधी शेकडो गोष्टी वेगवेगळ्या सर्व्हरकडून मागवतो. मजकूर, चित्रे, जाहिराती, पाळत ठेवणारे अदृश्य ठिपके. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक मागणीच्या वेळी ब्राउझर एक्स्टेंशनला विचारत असे, ‘हे मागवू का?’ एक्स्टेंशन त्या क्षणी परिस्थिती पाहून हो किंवा नाही म्हणत असे. नव्या व्यवस्थेत, म्हणजे व्ही३मध्ये, एक्स्टेंशनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि बाजूला व्हायचे. यादी पाहून अडवायचे की नाही, ते ब्राउझर ठरवणार.

गुगलने २०१८च्या अखेरीस हा आराखडा मांडला, तेव्हा कारणे दोन दिली. यामुळे एक्स्टेंशनला तुमची प्रत्येक हालचाल पाहावी लागत नाही, आणि ब्राउझर जलद चालतो. या म्हणण्यात तथ्य आहे. ॲपलच्या सफारीत २०१५पासून जाहिरात अडवण्यासाठी अशीच यादीची पद्धत आहे आणि तिच्यावर एवढा गदारोळ झाला नाही. ॲपलचा मुख्य धंदा फोन विकण्याचा आहे, हे त्याचे एक कारण असावे. व्ही३मध्ये आणखी एक स्वागतार्ह नियम आहे. तपासणी झाल्यावर बाहेरच्या सर्व्हरवरून नवा कोड खेचून आणण्यास त्यात बंदी आहे.

गाडी अडते ती पुढे. यूब्लॉक ओरिजिनचे निर्माते रेमंड हिल यांनी २०१९च्या सुरुवातीलाच दाखवून दिले, की या रचनेत त्यांचे एक्स्टेंशन आहे त्या ताकदीने चालूच शकत नाही. नियमांची मर्यादा आधी ३० हजार ठेवली होती. जाहिरात अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख यादीतच त्याहून जास्त नियम होते. टीकेनंतर मर्यादा बरीच वाढली, पण परिस्थिती पाहून त्या क्षणी निर्णय घेण्याची मुभा परत आली नाही. शिवाय यादीचा मोठा भाग एक्स्टेंशनच्या आतच बांधलेला असतो. तो बदलायचा तर नवी आवृत्ती काढून गुगलच्याच स्टोअरमधून पाठवायची. जाहिरातदार काही तासांत डाव बदलतात. त्यांना उत्तर देण्याचा वेग आता काही अंशी गुगलच्या हातात आहे, आणि या जाहिरातदारांत गुगलचे स्वतःचे यूट्यूबही आहे. यूट्यूबने २०२३च्या अखेरीस अ‍ॅड-ब्लॉकर वापरणाऱ्यांविरुद्ध जगभर मोहीम उघडली होती, हे इथे लक्षात ठेवावे.

आता सुरक्षेच्या कारणाची परीक्षा घेऊ. व्ही३मध्ये एक्स्टेंशनची मागण्या अडवण्याची ताकद गेली, पण पाहण्याची ताकद राहिली. योग्य परवानगी घेतलेले एक्स्टेंशन आजही ब्राउझरमधून जाणारी प्रत्येक मागणी पाहू शकते, फक्त ती रोखू शकत नाही. माहिती चोरणाऱ्याला अडवायचे कुठे असते? त्याला पाहणे पुरेसे आहे. अडवण्याची गरज असते ती वापरकर्त्याचे रक्षण करणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डिजिटल हक्कांसाठी काम करणारी अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन’ ही संस्था नेमका हाच मुद्दा मांडत आली आहे.

जाहिराती अडवणे म्हणजे केवळ कटकट टाळणे, असे समजणाऱ्यांसाठी एक आठवण. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने नागरिकांना सावध केले होते. सर्च इंजिनच्या निकालांत वर झळकणाऱ्या जाहिरातींमधून भामटे बँकांची आणि कंपन्यांची हुबेहूब खोटी पाने दाखवत होते. बचावासाठी एफबीआयने सुचवलेल्या उपायांत एक होता : शोध घेताना अ‍ॅड-ब्लॉकर एक्स्टेंशन वापरा.

यात गुगलचा स्वार्थ किती?

हेतू सिद्ध करता येत नाही, हिशेब मांडता येतो. गुगलची पालक कंपनी अल्फाबेटचे २०२४चे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते. त्यातले सुमारे २६५ अब्ज गुगलच्या जाहिरातींतून आले. म्हणजे रुपयातले पंच्याहत्तर पैसे. याच कंपनीचा ब्राउझर जगात साधारण दोनतृतीयांश लोक वापरतात. अशा कंपनीत प्रत्येक अभियंता प्रामाणिक असला, तरी जाहिराती अडवणाऱ्या साधनांचे नियम तिने एकटीने ठरवावेत, ही रचनाच बरोबर नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्यही स्वतःचा ठराव असेल तर मतदानातून बाजूला होतो, निदान व्हावे अशी अपेक्षा असते.

आणखी एक बारकावा फारसा चर्चेत आला नाही. सामान्य वापरकर्त्यांची जुनी एक्स्टेंशन्स २०२४च्या अखेरीपासून बंद होऊ लागली. मात्र ज्या संस्था आपले संगणक केंद्रीय धोरणाने चालवतात, त्यांना जून २०२५पर्यंत मुदत होती. जुनी व्यवस्था खरोखर एवढी धोकादायक असेल, तर बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर ती आणखी काही महिने कशी चालते? मोठ्या गिऱ्हाइकाला वेळ द्यावा लागतो, हे त्याचे सरळ उत्तर. घरी बसलेल्या वापरकर्त्याला तेवढी किंमत नाही.

‘आवडत नसेल तर दुसरा ब्राउझर वापरा’ हे उत्तर ऐकायला सोपे आहे. पण एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्दी हे सगळे ‘क्रोमियम’ या पायावर उभे आहेत आणि तो पाया मुख्यतः गुगलच बांधते. पायातून एखादी सोय काढली, की वरच्या मजल्यावर ती टिकवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ब्रेव्हने निवडक जुनी एक्स्टेंशन्स जमेल तोवर चालू ठेवण्याचे जाहीर केले, त्यातल्या ‘जमेल तोवर’ला म्हणूनच अर्थ आहे.

स्वार्थ नसेल, तर एका हातातले नियंत्रण चालेल का?

इथे मोझिलाचे उदाहरण कामाला येते. ना-नफा संस्थेच्या मालकीची, जाहिरात अडवणाऱ्यांची मित्र, जुनी ताकद फायरफॉक्समध्ये आजही कायम ठेवणारी. तिच्यावर स्वार्थाचा आरोप करणे अवघड. तरी काय झाले पाहा.

मे २०१९च्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जगभरच्या फायरफॉक्समधली जवळपास सगळी एक्स्टेंशन्स अचानक बंद पडली. हल्ला झाला नव्हता. सह्यांच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ते नूतनीकरण कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. आपल्याकडे गाडीच्या विम्याचे होते, तसे. तातडीचा उपाय मोझिलाने अशा यंत्रणेतून पाठवला, जी खासगीपणाची काळजी असलेल्या अनेकांनी मुद्दाम बंद ठेवली होती. त्यामुळे जे जास्त सावध, त्यांनाच उपाय उशिरा मिळाला.

खरा धोका झाला टोर ब्राउझरमध्ये. फायरफॉक्सवर आधारलेला हा ब्राउझर पत्रकार आणि कार्यकर्ते ओळख लपवण्यासाठी वापरतात. त्यातले घातक स्क्रिप्ट रोखणारे ‘नोस्क्रिप्ट’ही बंद पडले. टोरच्या चमूने वापरकर्त्यांना सांगितले, की दुरुस्ती येईपर्यंत सह्या तपासण्याची सक्ती तात्पुरती बंद करा. ते शक्य झाले, कारण टोर फायरफॉक्सच्या ईएसआर आवृत्तीवर बांधलेला आहे आणि त्यात ही किल्ली वापरकर्त्याकडे ठेवलेली होती. साधा फायरफॉक्स वापरणाऱ्यांकडे ती नव्हती. त्यांना फक्त वाट पाहता आली. मघाशी उल्लेख केलेली खिडकी ती हीच.

दुसरा प्रसंग जून २०२४चा. रशियाच्या माध्यम नियंत्रकाने मागणी केली आणि सरकारी बंदी ओलांडायला मदत करणारी काही एक्स्टेंशन्स मोझिलाने रशियातील वापरकर्त्यांसाठी आपल्या स्टोअरमधून हटवली. टीका झाल्यावर काही दिवसांत ती परत ठेवली. इथे संस्थेने चूक सुधारली, पण मागणी करता आली कारण दार एकच होते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे सरकारला माहीत होते. तिसरा प्रसंग त्याच वर्षीचा, सप्टेंबरमधला. मोझिलाच्या तपासनिसांनी यूब्लॉक ओरिजिनच्या ‘लाइट’ आवृत्तीवर चुकीचे आक्षेप घेतले. संस्थेने नंतर चूक मान्य केली, पण रेमंड हिल यांनी वैतागून ते मोझिलाच्या स्टोअरमधून काढूनच घेतले. पगार न घेता काम करणारा माणूस खुलासे देत किती वेळ बसणार?

फोनवर हा प्रश्न आहे का?

फोनवर तो विचारण्याआधीच निकालात निघाला. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशनची सोयच दिलेली नाही. भारतात बहुसंख्य लोक इंटरनेट पाहतात ते याच ब्राउझरमधून, तेव्हा वर सांगितलेली लढाई त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर २०२०च्या पुनर्रचनेनंतर मोजकीच एक्स्टेंशन्स उरली होती. डिसेंबर २०२३पासून ती पुन्हा शेकड्यांनी मिळू लागली. आयफोनवर सफारीत २०२१पासून एक्स्टेंशन्स आली, अर्थात ॲपलच्या स्टोअरमधूनच.

फोनवर याच वादाचे दुसरे रूप आहे : प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याचे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडमधील मक्तेदारीबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा बाहेरून ॲप बसवण्यात आडकाठी करू नये, असाही आदेश त्यात होता. मार्च २०२३मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश आणि आणखी तीन आदेश रद्द केले.

इथे विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा येतो, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. लग्नाची पत्रिका, वाहनाचे चलन, वीजबिलाची थकबाकी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, परवानग्या देतो आणि ओटीपी परस्पर पळवून खाते रिकामे केले जाते. अशी माणसे मूर्ख नसतात. निवृत्त शिक्षक असतात, दुकानदार असतात, घाईत असलेले पालक असतात. ‘वापरकर्त्याला स्वातंत्र्य द्या’ म्हणताना त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. फोनवर बोलत राहून भामटा सहा-सात इशारेसुद्धा ओलांडायला लावू शकतो, हेही खरे.

मग रेघ कुठे ओढायची?

तपासणी, इशारा आणि सुरुवातीलाच बंद असलेले दार, हे तिन्ही अधिकार कंपनीकडे असायला हरकत नाही. सिद्ध झालेले घातक एक्स्टेंशन दूरून बंद करण्याचा अधिकारही तिच्याकडे असावा, पण कारण वापरकर्त्याला दिसेल अशा भाषेत सांगूनच. स्वतःच्या स्टोअरच्या फळीवर काय मांडायचे, हे दुकानदाराने ठरवावे. पण ब्राउझर हे दुकान नव्हे, ती गिऱ्हाइकाने घरी नेलेली वस्तू आहे. हाउसिंग सोसायटीचा वॉचमन पाहुण्याला नाव विचारतो, वहीत नोंद करायला लावतो, संशय आला तर इंटरकॉमवर विचारतो. घरमालक ‘पाठवा वर’ म्हणाल्यावर मात्र तो पाहुण्याला हाकलत नाही.

ही शेवटची संमती नोंदवण्याची जागा कुठे असावी, यावर मतभेद होऊ शकतात. एका बटणावर ती असू नये, हे एपीकेच्या अनुभवावरून स्पष्ट आहे. मोझिलाची पद्धत त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. नेहमीचा ब्राउझर बंदिस्त आणि ज्याला मोकळीक हवी त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती, जी त्याने जाणूनबुजून उतरवून घ्यायची. फोनवर बोलणाऱ्या भामट्याला कोणाकडून आख्खा ब्राउझर बदलून घेणे तितके सोपे नाही. अँड्रॉइडवर गुगलने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केले, की सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये ओळख पटवलेल्या विकासकांचीच ॲप्स बसवता येतील आणि पुढे हा नियम जगभर लागू होईल. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितले, की जाणकारांसाठी इशाऱ्यांसह एक वेगळी वाट ठेवू. फोनवर वाट ठेवता येते, तर क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिनसाठी ती का नाही, याचे उत्तर सुरक्षेच्या भाषेत मिळत नाही.

दुसरी रेघ हितसंबंधांची. ज्या प्रकारच्या साधनामुळे कंपनीचा गल्ला थेट कमी होतो, त्या साधनाचे नियम तिने एकटीने लिहू नयेत. ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेच्या न्यायालयांनी गुगलला २०२४मध्ये शोधसेवेत आणि एप्रिल २०२५मध्ये जाहिरात तंत्रज्ञानात बेकायदा मक्तेदार ठरवले. क्रोम विकायला लावा, अशी तिथल्या सरकारची मागणी होती. सप्टेंबर २०२५मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ती फेटाळली. क्रोम गुगलकडेच राहिले आणि एक्स्टेंशनचे नियमही.

तोवर वापरकर्त्याच्या हातात काय आहे? क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन लाइट आणि त्यासारखी व्ही३ची एक्स्टेंशन्स चालतात. रोजच्या वापरात अनेकांना फरक जाणवणारही नाही. पूर्ण ताकदीचे हवे असेल, तर संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवरही फायरफॉक्स आहे. कोणतेही एक्स्टेंशन बसवले असेल, तर त्याची परवानगी ‘सर्व संकेतस्थळांवर’ऐवजी ‘क्लिक केल्यावरच’ अशी करता येते. ही सेटिंग क्रोममध्ये एक्स्टेंशनच्या तपशिलात आहे आणि फारच थोडे जण तिथवर जातात. महिनोन्‌महिने न वापरलेली एक्स्टेंशन्स तर काढूनच टाकावीत.

फायरफॉक्सकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र माहीत करून घ्यावी. ज्या मोझिलाच्या आसऱ्याला ते जात आहेत, तिच्या उत्पन्नाचा सर्वात मोठा हिस्सा फायरफॉक्समध्ये गुगल हे आपोआप निवडलेले सर्च इंजिन ठेवण्याच्या मोबदल्यातून येतो. हे पैसे पुढेही देता येतील, असे न्या. मेहता यांच्या त्याच निकालात म्हटले आहे.